आबांचं वाक्य पुरं होईपर्यंत

माझं काम काय, हे माझ्या सासऱ्यांना इतक्या वर्षांत मला नीट सांगता आलेलं नाही. शिरूरच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. गिऱ्हाईकानं विचारलं, सून काय करते, तर ते सांगतात, "मोबाईलमधलं काहीतरी करते. काम पुण्याच्या कंपनीचं, पण करते घरी बसून." एकदा त्यांनी मला गाठून विचारलंच, "रेहाना, म्हंजी तू दिवसभर करते तरी काय?" मी म्हणाले, "लोकांनी मागे जायचं बटण दाबलं, की ते योग्य जागी पोचावेत, एवढं बघते." त्यांनी कात्री खाली ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "एवढंच?" मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "न्हाई, अवघड असंल."

अवघड आहे. पण का अवघड आहे, ते सांगायला थोडी जागा लागेल.

अॅप वापरणाऱ्याला एकामागून एक पडदे येताना दिसतात. आतून तसं नसतं. बहुतेक वेळा चौकट एकच असते आणि तिच्यात आम्ही तुकडे बदलत राहतो. यादीचा तुकडा काढला, माहितीचा बसवला. तो काढला, नकाशाचा बसवला. या तुकड्याला आमच्याकडे फ्रॅगमेंट म्हणतात. नवा तुकडा बसवताना जुन्याचं काय करायचं, हे दर वेळी फोनला सांगावं लागतं. ‘हा लक्षात ठेव’ म्हटलं, की फोन तो चवडीत ठेवतो. लग्नाच्या पंगतीसाठी ताटं एकावर एक रचून ठेवतात, तशी ही चवड. माणूस मागे जायला लागला, की वरचं ताट उचललं जातं आणि खालचं दिसतं. सांगायचं राहिलं तर चवडच तयार होत नाही. मग मागे म्हटल्यावर फोन सरळ अॅपच्या बाहेर नेऊन सोडतो. त्याच्या हिशेबी माणूस सगळा वेळ एकाच ठिकाणी उभा होता आणि आता त्याला निघायचं होतं. शिवाय चवडीतल्या तुकड्यावर माणसानं काही लिहिलं असेल, काही निवडलं असेल, तर तेही जपून ठेव, असं वेगळं सांगावं लागतं.

सुरुवातीच्या काळात रांजणगावच्या एका कारखान्याच्या गेटसाठी आम्ही अॅप केलं होतं. आत येणाऱ्या ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, माल, शेवटी ट्रकचा फोटो. गेटवर रामसेवक नावाचे बिहारकडचे वयस्कर वॉचमन होते. फोटो हलला की ते मागे जायचे, आणि अॅप बंद पडून सगळं पहिल्यापासून. ट्रकांची रांग पार रस्त्यावर गेली. मी पोचले तेव्हा ते न चिडता म्हणाले, "मॅडम, एक कदम पीछे जाना था. इसने तो गेट के बाहर ही फेंक दिया." त्यांच्या केबिनमध्ये बसूनच मी ते दुरुस्त केलं. अशी कामं पुष्कळ झाली. त्यांत कोणाचा खोळंबा झाला, कोणाला मनस्ताप झाला, पण त्यापलीकडे काही नाही. साळवे आबांचं तसं नव्हतं.

सुवार्ता साळवे आणि मी शिरूरला मिशनच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तिचं घर दौंडचं. शाळेसाठी ती शिरूरला बोर्डिंगमध्ये राहायची आणि सुट्टी लागली की कधी कधी मला घेऊन घरी जायची. तिचे वडील शांतवन साळवे रेल्वेत होते, मालगाडीवर गार्ड. अख्खी गल्ली त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही आबाच म्हणायचे. फार बोलणारे. कोणत्या गाडीला कुठल्या सिग्नलला किती वेळ उभं राहावं लागलं, हे ते असं सांगत की पोरं जेवण विसरत. सुवार्ताची आई मार्थाबाई मात्र मोजकंच बोलायच्या. आबांची गोष्ट फार लांबली, की त्या नुसतं "अहो" म्हणायच्या आणि आबा थांबायचे.

त्या आबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेले, आणि बोलणंही गेलं. उरला एकच शब्द, ‘हो’. पाणी देऊ का, हो. नको का, हो. दुखतंय का, हो. बरं वाटतंय का, हो. मेंदूच्या ज्या भागात भाषा असते त्याला मार लागला, की काही माणसांचा असा एकच शब्द शिल्लक राहतो म्हणे. त्यांना दुसरंच म्हणायचं असलं तरी तोंडातून तोच निघतो.

आबा पुण्याच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात असताना दौंडला मार्थाबाईंना हृदयविकाराचा झटका आला आणि त्या गेल्या. आबांना लगेच सांगू नका, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून आधी सुवार्तानं त्यांना सांगितलं, मम्मीला बरं नाही, तीपण दवाखान्यात आहे. आबा जनरल वॉर्डात आल्यावर चर्चचे पाळकसाहेब आले, प्रार्थना केली, आणि मार्थाबाई प्रभूच्या घरी गेल्याचं हळुवारपणे सांगितलं. "साळवे, समजलं ना?" आबा म्हणाले, "हो." सुवार्ता म्हणते, ते रडले नाहीत, तेव्हा तिला वाटलं होतं, पप्पांची श्रद्धा मोठी.

सुवार्ता नर्स आहे. लग्न केलेलं नाही. दौंडच्या एका खाजगी दवाखान्यातली नोकरी सोडून ती आबांजवळ घरी राहिली. धाकटा भाऊ मनोज पिंपरीला कंपनीत असतो, सुट्टीच्या दिवशी येतो. पुण्यात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे ती आबांना घेऊन जायची. त्या बाईंनीच सुचवलं, की फोनवर चित्रं दाबून बोलता येतं, तसं काही करून मिळालं तर बघा. सुवार्तानं मला फोन केला. "तू करतेस ना गं अॅप? पप्पांना चहा हवाय का पाणी, एवढं जरी कळलं तरी मला पुरे."

मी ते आनंदानं केलं. पहिल्या पडद्यावर मोठी चित्रं होती: माणसं, खाणं, शरीर, जागा. ‘माणसं’ दाबलं की तो तुकडा जाऊन घरच्यांच्या फोटोंचा तुकडा यायचा. फोटो दाबला की फोन ते नाव बोलायचा, शब्द वरच्या पट्टीत जाऊन बसायचा आणि खाली पुढचे शब्द यायचे: पाहिजे, नको, कुठे, कधी, घरी, जायचं, येणार. असं वाक्य जुळवायचं, शेवटी पट्टीवर बोट ठेवलं की फोन सगळं वाक्य बोलून दाखवणार.

फोनच्या आतला आवाज यंत्राचा आणि बाईचा होता. पुण्याच्या बाई म्हणाल्या, घरच्या पुरुषाचा आवाज असेल तर बरं. तेव्हा शब्द मनोजनं म्हटले. रविवारी दौंडच्या घरात दार लावून मी त्याचा आवाज भरून घेतला. ‘चहा’, ‘पाणी’, ‘डोकं’ भराभर झालं. ‘मार्था’ या शब्दापाशी तो थांबला.

"आईला नावानं कसं बोलू?" तो म्हणाला.

"पप्पांच्या तोंडचं हाय ते," सुवार्ता म्हणाली. "तू फक्त आवाज दे."

मार्थाबाईंचा फोटो ठेवावा की नाही, यावरही आम्ही बोललो होतो. सुवार्ता म्हणाली, असू दे, त्यांना आठवण काढायची असेल तर निदान नाव घेता येईल. घरात भिंतीवर मात्र तिनं तो अजून लावला नव्हता. रोज समोर दिसून पप्पांना त्रास होईल, असं तिला वाटायचं.

पहिले काही दिवस बरे गेले. सुवार्ता फोन त्यांच्यासमोर धरायची आणि आबा समोरून बोट टेकवायचे. आबांनी चहा मागितला. आबांनी वांग्याची भाजी नको म्हटलं, आणि सुवार्तानं मला हसत फोन करून सांगितलं, की गेले कित्येक महिने ती त्यांना वांगं भरवत होती आणि ते हो म्हणत खात होते. मग तिचे फोन कमी झाले. एक दिवस तीच म्हणाली, "रेहाना, त्यांनी फोन फेकला काल. काच फुटली न्हाई, पण मला भीती वाटती आता. दिवसभर मम्मीचाच फोटो दाबतात. मार्था, मार्था, मार्था. मी सांगते, पप्पा, मम्मी प्रभूजवळ हाय, सुखात हाय. तर अजून चिडतात. काढून टाक तो फोटो."

फोटो काढणं शिरूरला बसून एका मिनिटाचं काम होतं. मी म्हटलं, मी येऊन बघते, मग काढू.

शिरूरहून न्हावरे, चौफुला करत वरवंड-पाटसवरून मी दौंडला पोचले, तेव्हा दुपार होत आली होती. आबा पलंगावर टेकून बसले होते, मांडीवर उशी, उशीवर फोन. मला बघून "हो, हो" म्हणाले आणि डाव्या हातानं माझा हात धरून ठेवला. सुवार्ता स्वयंपाकघरात गेली. मी पलंगाच्या कडेला त्यांच्या खांद्याशी बसले, म्हणजे त्यांना दिसतं तसंच मला दिसावं.

त्यांनी ‘माणसं’ दाबलं. मग फोटो. मनोजच्या आवाजात फोन म्हणाला, "मार्था." आतून सुवार्ता म्हणाली, "व्हय पप्पा. मम्मी प्रभूजवळ हाय." पण आबांचं बोट थांबलं नव्हतं. ते पुढच्या शब्दाकडे निघालं होतं. डावा हात, तोही थरथरता. तो फोनच्या डाव्या कडेवरून आत यायचा, आणि बोट टेकायच्या ऐवजी थोडं घसटत जायचं. पडदा सरकला आणि पहिली चित्रं आली. पट्टी रिकामी. आबांनी डोळे मिटले, कपाळावर हात मारला आणि पुन्हा ‘माणसं’ दाबलं. पुन्हा फोटो, पुन्हा "मार्था", पुन्हा आतून सुवार्ताचं तेच उत्तर, पुन्हा पडदा सरकून पट्टी रिकामी.

पूर्वीच्या फोनला तळाशी मागे जायचा बाण असायचा. आताच्या बऱ्याच फोनमध्ये तो नसतो. पडद्याच्या कडेवरून बोट आत ओढलं, की फोन समजतो, माणसाला मागे जायचंय. आबांची उजवी बाजू गेलेली. नजरेचाही उजवीकडचा भाग गेला होता, हे बाईंनी आम्हाला सांगितलं होतं आणि म्हणूनच मी सगळे शब्द डावीकडे मांडले होते. त्यांच्या सोयीसाठी मांडले होते, आणि त्यामुळेच प्रत्येक शब्दाकडे जाताना त्यांचं बोट त्या कडेला लागत होतं. त्यात वाक्याची पट्टी मी शब्दांच्या तुकड्यावरच ठेवली होती. तुकडा गेला की पट्टीतलं वाक्य त्याच्याबरोबर गेलं.

म्हणजे आबा ‘मार्था’ एवढंच म्हणत नव्हते. मार्थाबाईंबद्दल काहीतरी म्हणायला ते रोज सुरुवात करत होते, आणि दर वेळी पहिल्या शब्दाला फोन त्यांना दाराबाहेर काढत होता.

मी सुवार्ताला एवढंच म्हणाले, की फोटो इतक्यात काढायला नको, मला थोडा वेळ दे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. वाक्याची पट्टी तुकड्यातून काढून बाहेरच्या चौकटीत नेली, म्हणजे आत काहीही बदललं तरी ती जागची हलणार नाही. शब्द कडेपासून आत ओढले. फोनला सांगितलं, की कडेवरून मागे जाण्याची खूण आली तर ती आधी माझ्याकडे दे. मी तिचं काय करायचं ते ठरवणार: पट्टीतला फक्त शेवटचा शब्द पुसायचा, बाकी सगळं तसंच राहू द्यायचं. आणि हेच करणारं एक मोठं पिवळं बटण मधोमध ठेवलं, ‘मागे’. चुकलं तर एक शब्द जाईल, वाक्य जाणार नाही.

आबा पलंगावरून माझ्याकडे बघत होते. काम करणाऱ्याकडे कसं बघायचं, हे त्यांना माहीत होतं. एकदाही "हो" म्हणाले नाहीत.

फोन त्यांच्या उशीवर ठेवला तेव्हा सुवार्ता त्यांच्यासाठी चहा घेऊन आली होती. आबांनी कपाकडे पाहिलं नाही. ‘माणसं’ दाबलं, फोटो दाबला. "मार्था." सुवार्ता सवयीनं बोलायला लागली, तेव्हा मी तिच्या दंडावर हात ठेवला. आबांचं बोट घसटलं, पट्टी हलली नाही. त्यांना ते दिसलं. थोडं थांबून त्यांनी पुढचा शब्द दाबला. "कधी." मग चुकून "नको". त्यांनी पिवळं बटण शोधलं, दाबलं. ‘नको’ गेलं, बाकीचं राहिलं. "घरी." "येणार."

आणि मग पट्टीवर बोट ठेवलं. मनोजचा आवाज एका दमात म्हणाला, "मार्था कधी घरी येणार."

सुवार्तानं कप खाली ठेवला. आबांनी तिच्याकडे बघून पुन्हा पट्टी दाबली.

तिनं पुण्याच्या बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, त्यांना ऐकू येतं, ओळखू येतं, पण लांब, वळणावळणाचं बोलणं डोक्यापर्यंत पोचत नाही. मम्मी आजारी आहे, दवाखान्यात आहे, हे तुम्ही साध्या शब्दांत सांगितलं होतं, ते पोचलं. नंतरचं पोचलं नाही. आता सांगा. प्रभूचं घर वगैरे नको. छोटे शब्द, थांबत थांबत, आणि जवळ काही फोटो असतील तर दाखवा.

"म्हणजे ‘मेली’ म्हणू?" सुवार्तानं विचारलं.

बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

सुवार्ता पलंगावर त्यांच्या डाव्या बाजूला बसली, त्यांना दिसेल अशी. मी उठून बाहेर जायला लागले, तर तिनं मला बसायची खूण केली. ती म्हणाली, "पप्पा. मम्मी येणार न्हाई." ती थांबली. "मम्मी वारली. मम्मी मेली, पप्पा. तुम्ही दवाखान्यात व्हता, तवा." मग तिनं आपल्या मोबाईलमधले फोटो काढले. पेटीत मार्थाबाई, अंगावर पांढरी साडी. चर्चमधली माणसं. दफनभूमीत मनोज माती टाकताना. आबा एकेक फोटो बघत होते. एका फोटोवर त्यांनी बोट ठेवून माणसांवरून फिरवलं, जणू कोणाला तरी शोधत होते. मला वाटतं, ते स्वतःला शोधत होते.

मग त्यांनी आपला फोन ओढून घेतला. पट्टीत वाक्य अजून तसंच होतं. त्यांनी पिवळं बटण दाबलं; ‘येणार’ गेलं. पुन्हा दाबलं, ‘घरी’ गेलं. मग ‘कधी’. ‘मार्था’ राहिलं. तिथं त्यांनी हात काढून घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. सुवार्ता त्यांच्या पाठीला डोकं टेकवून बसली. मी गेटच्या, दुकानांच्या, शाळांच्या अॅपसाठी मागे जायचं बटण कितीतरी वेळा लिहिलं असेल. ते कुणी असं वापरेल, हे माझ्या कल्पनेत नव्हतं.

मनोजचा फोन मला दुसऱ्या दिवशी आला. तो चिडलेला होता, पण आवाज चढवला नव्हता. "ताई, बरं चाललं व्हतं की. त्यांना वाटत व्हतं ती येणार हाय, तर वाटू द्यायचं. आता जेवत न्हाईत. काय मिळालं?"

मी म्हटलं, "ते रोज विचारत होते, मनोज. आपल्याला ऐकू येत नव्हतं."

"माझ्या आवाजात विचारलं त्यांनी," तो म्हणाला. "दीदीनं सांगितलं मला." आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस अवघड गेले. आबा फोनला हात लावत नव्हते. सुवार्ता कळवायची, आज दोन घास खाल्ले, आज न्हाई खाल्लं. मी माझ्या कामाला लागले होते, पण दुपारी जेवायला बसलं की मनोजचं बोलणं आठवायचं. बिघाड दुरुस्त झाला की काम संपलं, असं आमच्या धंद्यात मानतात. दुरुस्त झाल्यावर जे सुरू होतं, ते आम्ही क्वचितच बघतो.

मग एका सकाळी आबांनी आपण होऊन फोन घेतला आणि म्हणाले, "मी. जायचं. मार्था." रविवारी मनोज आला. दोघा भावंडांनी व्हीलचेअर रिक्षात घालून त्यांना दफनभूमीत नेलं. मी नव्हते तिथं; सुवार्तानं नंतर सांगितलं. क्रूसावरच्या नावावरून आबांनी डाव्या हाताचं बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. परत येताना मनोज पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. वाटेत एकदाही त्यानं मागं वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर त्यानं आपल्या हातानं वडिलांना भरवलं. आबा जेवले. संध्याकाळी मार्थाबाईंचा फोटो भिंतीवर लागला.

त्यानंतर आबा पुन्हा बोलायला लागले, आणि तेव्हा दुसरीच अडचण कळली. सुवार्ता फोनवर म्हणाली, "काहीतरी सांगायचंय त्यांना, पण जुळतच न्हाई. ‘मार्था चहा पाहिजे’ म्हणतात. मी चहा देते, तर नको म्हणतात. काल ‘मार्था जायचं’ म्हणाले. मी घाबरले गं."

मी माझ्याच शब्दांची यादी वाचून काढली. पाहिजे, नको, दे, जायचं, येणार. सगळे गरजेचे शब्द. आजाऱ्याला काय लागेल, याचाच विचार करून आम्ही ते निवडले होते. मागच्या काळातला एकही शब्द त्यात नव्हता. होती, गेली, यायची, करायची, आणायची, काहीच नाही. ज्या माणसाची बायको गेली होती, त्याला तिच्याबद्दल फक्त ‘पाहिजे’ आणि ‘येणार’ म्हणता येत होतं.

नवा तुकडा करायला वेळ लागला नाही. आवाज हवा होता. यंत्राचा घालावा की काय, या विचारात होते. मनोजला विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी सुवार्तानंच त्याला सांगितलं असावं. एका दुपारी माझ्या मोबाईलवर एकामागून एक त्याचे आवाज येऊन पडले. कंपनीच्या आवारात कुठंतरी उभा राहून बोलला असावा. मागे ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता. "होती." "होता." "गेली." "यायची." "जायची." "उभी." "करायची." "आणायची." "आवडायची." ‘होती’ त्यानं दोनदा म्हटलं होतं. पहिल्यात आवाज नीट लागला नव्हता. खाली लिहिलं होतं, ‘ताई, दुसरा घ्या.’

मी पहिलाच घेतला. त्याला अजून कळलेलं नाही.

नवे शब्द घालून मी फोन परत दिला, तेव्हा मुद्दाम थांबले नाही. सुवार्ता आणि आबा दोघंच असू देत, असं वाटलं. वरवंडला गाडी थांबवून चहा घेत होते, तेव्हा तिचा फोन आला.

"पप्पा बोलले," ती म्हणाली. "‘मार्था. स्टेशन. डबा. आणायची.’ मला वाटलं पुन्हा चुकलं. मम्मी आणि स्टेशन? मम्मी कवा घराबाहेर पडायची न्हाई. मी विचारलं, मम्मी? स्टेशनवर? तर पट्टीतलं एकही अक्षर त्यांनी पुसलं न्हाई. परत तेच दाबलं."

मग आबांनी तिला हळूहळू सांगितलं. एकेक शब्द जोडत, चुकला की पिवळं बटण दाबत. मालगाडी दौंडला सिग्नलसाठी थांबायची, घरी यायला वेळ नसायचा. आबा गार्ड, म्हणून गाडीच्या शेवटच्या डब्यात. मार्थाबाई पोरं शाळेत गेल्यावर रुळांच्या कडेनं चालत, गाडीच्या पार टोकापर्यंत जायच्या. कोणाला सांगायच्या नाहीत. रुळांवर जायची मनाई होती, आणि गल्लीत बोलणं झालं असतं.

"मी बोर्डिंगात, मनोज शाळेत," सुवार्ता म्हणाली. "आम्हाला कुणालाच माहीत न्हाई गं हे. मी विचारलं, मग काय करायची ती तिथं? डबा द्यायची आन् निघायची?"

तेवढ्यात मागे मला आबांच्या फोनमधून मनोजचा आवाज ऐकू आला. सुवार्तानं तो मला पुन्हा सांगितला नाही, त्याची गरजही नव्हती.

"गाडी. जायची. मार्था. उभी. होती."